पुस्तक मिटल्यावर पोरीला काय काम मिळतंय, ते बघून पुस्तक घ्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी साडेचार वर्षांची, इंग्लिश मीडियमला एलकेजीत, घरात मराठी, गल्लीत मराठी-कन्नड दोन्ही. ऑनलाइन ढीगभर पुस्तकं मागवलीत खरं ती पानं उलटते, चित्रं बघते आणि बाजूला टाकते, शेजारची पोरं दुकान-दुकान, डॉक्टर-डॉक्टर खेळतात तसं ही काही बनून खेळत नाही. तर असं खेळायला लावणारी चित्रांची पुस्तकं कुठली, मराठी घेऊ का इंग्लिश का कन्नड, आणि सोबत तो डॉक्टर सेट, किचन सेट पण घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. मी बेळगावात वडगाव भागात बालवाडी घेते, बरीच वर्षं झाली, दुपारनंतर त्याच खोलीत गल्लीतल्या पोरांसाठी पुस्तकं मांडून बसते. रोज जे बघते त्यावरून सांगते, लांबेल थोडं.

नुसतं पुस्तक आणून खेळ सुरू होत नाही, हे पहिलं. इस्रायलमध्ये सारा स्मिलान्स्की म्हणून बाई होत्या, त्यांनी १९६८ साली गरीब वस्तीतल्या बालवाडीच्या मुलांवरचा अभ्यास छापला. काही मुलांना त्यांनी नुसता अनुभव दिला, म्हणजे दवाखाना, दुकान असलं दाखवून आणलं, त्याबद्दल गप्पा मारल्या. काही मुलांच्या खेळात मोठी माणसं स्वतः शिरली आणि खेळायचं कसं ते खेळूनच दाखवलं. आणि काहींना दोन्ही मिळालं. तर नुसत्या अनुभवावर खेळ काही वाढला नाही, मोठं माणूस खेळात शिरलं तिथं वाढला, आणि दोन्ही मिळालं तिथं सगळ्यात जास्त. पुस्तक म्हणजे त्यातला अनुभवाचा भाग, अर्धाच. तेव्हा तुमची मुलगी पुस्तक बघून बाजूला टाकते यात तिचं काही चुकत नाही, पुढचा अर्धा भाग तुम्ही करायचा आहे आणि तो फार अवघड नाही, रोज पंधरा-वीस मिनिटं खाली फरशीवर बसायची तयारी पाहिजे.

आता पुस्तक निवडायचं कसं. दुकानात किंवा मोबाईलवर पानं दिसतात तेव्हा लोक चित्र गोड आहे का, कागद जाड आहे का, शेवटी काय शिकवलंय, एवढं बघतात. मी बघते की यात काम कुठलं आहे. चित्रातला माणूस काही करतोय का, जे माझ्या पोरीला हातापायानं करता येईल? तिकीट फाडणं, भाकरी थापणं, पेशंटला तपासणं, टोपल्या डोक्यावर घेऊन ओरडत जाणं, नदी ओलांडणं, लपणं, कुणाला तरी शोधणं. नुसतं “ससा खूप आनंदी होता” यात करायचं काय? आनंदी कसं व्हायचं, पोरगं गप उभं राहतंय. दुसरं, परत परत येणारं एखादं वाक्य आहे का, जे दोन वाचनांत पाठ होईल. आणि दुसऱ्या माणसाला जागा आहे का. डॉक्टर असेल तर पेशंट लागतो, दुकानदार असेल तर गिऱ्हाईक लागतंय, आणि घरात ते गिऱ्हाईक तुम्हीच असणार, नाहीतर आज्जी. एकट्यानंच सगळं करणाऱ्या शूर राजकन्येचं पुस्तक वाचायला चांगलं असेलही, त्यातनं खेळ मात्र कमी निघतो.

एक उदाहरण नीट सांगते. आमच्याकडे बसचं एक साधं पुस्तक आहे, प्रिंट काढून स्टेपल मारलेलं, चित्रं पण काही भारी नाहीत. बस सुटते, स्टॉप येतो, कोणीतरी चढतं, पुढच्या स्टॉपला दुसरं कोणी चढतं, शेवटी गर्दी होते. संपलं. वाचून झाल्यावर मी काही विचारलं नाही, चार पाट एकामागं एक लावले आणि मागच्या पाटावर जाऊन बसले, “खानापूरला जाते काय हो गाडी?” एवढंच म्हटलं. एक पोरगा, एरवी सगळ्यांना अरेतुरे करणारा, लगेच उठला, माझी पर्स खांद्याला अडकवली आणि “मुंद होगरी, मुंद होगरी”, म्हणजे पुढं चला, म्हणत गाडीत फिरायला लागला. माझ्यापाशी आला आणि म्हणतो, “आधार कार्ड दाखवा.” आपल्याकडे कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट आहे ना, झिरो तिकीट मिळतंय खरं त्याला कार्ड दाखवावं लागतं. मी म्हटलं कार्ड घरी राहिलं. तो म्हणतो, “मग पैशे द्या, नाहीतर उतरा.” तेवढ्यात मागच्या पाटावरची एक मुलगी, तिचं आजोळ गडहिंग्लजला, ती म्हणाली, ही महाराष्ट्राची गाडी हाय, हाफ तिकीट लागतंय. मग दोघांचं भांडण, गाडी कर्नाटकाची का महाराष्ट्राची. शेवटी ठरलं की निपाणीपर्यंत, म्हणजे आपल्या हद्दीपर्यंत, झिरो आणि तिथनं पुढं हाफ, आणि निपाणीला सगळ्यांनी उतरून दुसऱ्या गाडीत बसायचं, म्हणजे त्याच पाटांवर तोंड फिरवून.

यातलं पुस्तकात काय होतं? फक्त बस, स्टॉप आणि चढणारी माणसं. आधार कार्ड, हाफ तिकीट, भांडण, तोडगा, हे सगळं पोरांनी आपल्या पदरचं घातलं. पुस्तक साधं होतं म्हणूनच घालायला जागा राहिली. आणि तो पोरगा मला “दाखवा”, “उतरा” म्हणत होता, कोणी शिकवलं नव्हतं, कंडक्टर झाल्यावर आपोआप अहोजाहो आलं. रशियात वायगोत्स्की म्हणून मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात नेमकं हे सांगितलंय, की भूमिका घेतली की त्या भूमिकेचे नियम मूल आपणहून पाळतं, एरवी पाळणार नाही ते सुद्धा, आणि खेळात ते स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं. काठीचा घोडा होतो हे उदाहरणही त्यांचंच. आणि त्यांनी पुढं एक म्हटलंय ते मला जास्त उपयोगी पडतं, की कशाचंही काहीही होत नाही, काठी दोन पायांत धरून पळता येतं म्हणून तिचा घोडा होतो, पोस्टकार्डाचा होणार नाही. म्हणजे वस्तू तशी दिसली नाही तरी चालेल, तिच्याबरोबर ती कृती करता आली पाहिजे. खेळणी घेताना हे लक्षात ठेवा, त्यावर खाली येते.

तात्पर्याची पुस्तकं. यावर माझं मत जरा कडक आहे. शेवटच्या पानावर “म्हणून मुलांनो” असलं की ते पुस्तक मी खेळायच्या वेळेला काढत नाही. त्यात एक चांगलं मूल असतं, एक वाईट असतं, आणि वाईट व्हायला कोणी तयार नसतं, चांगलं झालेल्याला करायला काही नसतं. दात घासा, भाजी खा, मोबाईल बघू नका, ही पुस्तकं वेगळ्या कामाची, ठेवा हवी तर. बटण दाबलं की वाघ गुरगुरतो तसली पण नकोत, वाघाचा आवाज पोरानंच काढायचा असतो, तो पुस्तकानं काढल्यावर पोरगं नुसतं बटण दाबत बसतंय.

याउलट टोपीवाला आणि माकडं ही आपल्या सगळ्यांना आज्जीनं सांगितलेली गोष्ट घ्या. एस्फिर स्लोबोदकिना यांनी यावर १९४० साली अमेरिकेत चित्रांचं पुस्तक केलं, ते अजून वाचलं जातं, त्यात टोपीवाला सगळ्या टोप्या एकावर एक रचून डोक्यावरच घेऊन फिरतो. खेळायला याच्यासारखी गोष्ट नाही. बोलणारी भूमिका एकच, टोपीवाल्याची. बाकी सगळी माकडं, त्यांनी फक्त तो करेल ते करायचं, त्यानं बोट नाचवलं की बोट नाचवायचं, पाय आपटला की पाय आपटायचा. लाजणारं, न बोलणारं, दोन वर्षांचं धाकटं भावंड, सगळी माकडांत खपतात. घरात करायला सोपं, टोप्यांऐवजी सगळ्या रुमालांच्या घड्या घ्या. तुम्ही टोपीवाली व्हा, पोरीला माकड होऊदे, चिडायचं मात्र खरंखुरं दिसलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणेल मी टोपीवाली.

बाहेरच्या भाषेतल्या दोन पुस्तकांबद्दल सांगते कारण त्यातनं वाचायचं कसं ते कळतं. मॉरिस सेंडॅक यांचं व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर, १९६३ चं. लांडग्याचा ड्रेस घालून दंगा करणारा मुलगा, आई रागावून न जेवताच झोपायला पाठवते, मग त्याच्या खोलीत जंगल वाढतं आणि तो राक्षसांचा राजा होतो. यात सुरवातीला चित्र पानाच्या मधे लहानसं असतं, चहूकडं पांढरा कागद, आणि जसजसा तो त्याच्या खेळात शिरतो तसतसं चित्र वाढत जातं, शेवटी राक्षसांचा धिंगाणा सुरू झाल्यावर दोन्ही पानं भरून चित्र, एक शब्द नाही, अशी सलग तीन जोडपानं. तिथं आईबाबा लोक घाबरतात आणि “हा बघ राक्षस, किती शिंगं आहेत सांग बरं” सुरू करतात. काही बोलू नका की तिथं. पान उघडं ठेवा, पोरगं स्वतःच उठून नाचायला लागतं, नाही लागलं तर पुढचं पान. दुसरं अँटोइनेट पोर्टिस यांचं नॉट अ बॉक्स, २००६ चं. एक ससा आणि एक खोकं. बाहेरनं कोणीतरी विचारतं खोक्यात काय करतोयस, तो म्हणतो हे खोकं नाहीये, आणि पुढच्या पानावर तीच काळी रेघ तशीच राहून तिच्यावर लाल रेघांनी गाडी होते, डोंगर होतो. विचारणारा मोठा माणूस चित्रात कुठं दिसत नाही, आणि त्याला प्रत्येक वेळी खोकंच दिसतंय. गंमत सगळी तिथं आहे. पोरांना आपल्याला चुकीचं ठरवायला फार आवडतं. तेव्हा मुलगी खुर्ची आडवी टाकून बसली की “अरे वा, बोट केलीस का?” असं हुशारीनं ओळखायचं नाही, भाबड्यासारखं “अगं खुर्ची का पाडलीस?” विचारायचं. ती सांगेल. दोन्ही पुस्तकात वाक्यं थोडी आहेत, मराठीत सांगत वाचली तरी काही बिघडत नाही.

मराठीत घरातली, रोजची चित्रं पाहिजे असतील तर पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनची, त्यातही माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं बघा. चित्रं आणि मजकूर दोन्ही त्यांचं असतं, घरं खऱ्या घरासारखी, पसारा असतो, माणसं जाड बारीक असतात, दोरीवर कपडे असतात. चार वर्षांच्या मुलाला परी व्हायच्या आधी आई, बाबा, आज्जी, दुकानवाला व्हायचं असतं. परीचं काय काम असतं हे त्याला नीट माहीत नसतंय, आज्जी काय काय करते हे पक्कं माहीत असतं. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त असते, सगळीच खेळायला उपयोगी नाहीत, बघून घ्या.

भाषेचं विचारलंत. माझं म्हणणं, खेळ ज्या भाषेत होणार त्या भाषेत वाचा, म्हणजे तुमच्याकडे मराठीत, पण कन्नड पुस्तक घरात असू द्या. आपल्याकडची पोरं खेळताना भाषा माणसाप्रमाणे वाटून घेतात, बसून ऐका एकदा. कंडक्टर कन्नडात बोलतो, भाजीवाली दोन्हीत बोलते, आई मराठीत आणि टीचर झाली की “सिट डाऊन, फिंगर ऑन युवर लिप्स” इंग्लिशमध्ये. त्यांना तोडायचं नाही, “मराठीत बोल” म्हणून मधेच टोकलं की खेळ तिथंच संपतो. कन्नडातलं ते कुत्र्याच्या पिल्लाचं गाणं, जी. पी. राजरत्नम यांचं, नायीमरी नायीमरी, तुमच्या मुलीला येत असणारच, गल्लीतल्या सगळ्या पोरांना येतंय. ते पूर्ण सवालजवाबातच आहे, एकानं पिल्लू व्हायचं, एकानं मालक. तेच मराठीत मनानं करून म्हणा, मांजराचं करा, म्हशीचं करा. पुस्तकासाठी प्रथम बुक्स प्रकाशनाची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट बघा, २०१५ पासून आहे, फुकट, लायसन खुलं असल्यामुळे डाउनलोड करून प्रिंट काढायला परवानगी आहे, मराठीत पण आहे कन्नडात पण, बऱ्याच गोष्टी दोन्हीत सापडतात. चार पातळ्या असतात, तुम्ही पहिली आणि दुसरी बघा, एका पानावर एक-दोन ओळीवाली. मोबाईलवर वाचून दाखवू नका मात्र, झेरॉक्सवाल्याकडनं प्रिंट काढा, काळीपांढरी असली तरी चालेल, रंग तीच भरेल, आणि पुस्तक फाटलं तरी तुमचा जीव वरखाली होणार नाही. महागाचं पुस्तक आई हातातनं सोडत नाही हा अनुभव आहे.

वाचायचं कसं ते थोडं सांगते. पहिल्यांदा सरळ वाचा, मधे प्रश्न नको. दुसऱ्यांदा परत येणारं वाक्य अर्धं सोडा, ती पुरं करेल. तिसऱ्या वेळी पुस्तक बाजूला ठेवून त्यातलं एक छोटं माणूस तुम्ही व्हा, मुख्य माणूस होऊ नका, टोपीवाली तेवढी पहिल्या दिवसापुरती. मी बसमधे पॅसेंजर झाले, कंडक्टर नाही झाले. मोठ्यानं कंडक्टर घेतला की पोरं नुसती तिकीट घेऊन बसतात. आणि अडचण घेऊन या. कार्ड घरी राहिलं, सुट्टे नाहीत, बकरी पण चढवायची आहे, पोट दुखतंय पण इंजेक्शन नको. अडचण आली की खेळ पुढं सरकतो. एकदा दोन मुलं आपसात खेळायला लागली की हळूच उतरा, “आलं माझं गाव” म्हणायचं आणि भाकऱ्या करायला जायचं.

हे सगळं पहिल्याच आठवड्यात होईल असं नाही. ती पहिल्यांदा तुमच्याकडं नुसती बघत बसेल, आईला काय झालं म्हणून. बघू दे. स्मिलान्स्की बाईंच्या मोजपट्टीत खरा भूमिकेचा खेळ म्हणायला तो निदान दहा मिनिटं टिकावा लागतो, दोघं तरी लागतात आणि आपसात बोलणं लागतं, तिथवर पोचायला वेळ लागतो. दोन-तीन मिनिटं झाली तरी सुरवात आहे.

न बोलणाऱ्या मुलांना वस्तूंच्या भूमिका द्या. हे मला एका पोरीनंच दाखवलं. वडगावात घराघरात साड्या विणायचे माग, तुम्हाला माहीत आहेच, खटक-खटक सारखं चालू. साडीच्या दुकानाचा खेळ चालला होता, ही भिंतीला टेकून बसलेली, सगळे विचारतात तू कोण होणार, उत्तर नाही. थोड्या वेळानं बघते तर दोन्ही हात पुढं करून एकदा हा एकदा तो असं मारतीय, तोंडानं बारीक “खट, खट”. ती माग झाली होती! मी तिच्यापुढं ओढणी पसरली. दुकानदारानं हाक मारली, साडी झाली काय, आणि तिनं हात थांबवून मान हलवली, नाही. पुढचे सगळे दिवस दुकान तिच्या वेगानं चाललं, साडी झाल्याशिवाय विकायची कशी. दार, झाड, विहीर, माग, लिफ्ट, ही सगळी मोठी कामं आहेत, नुसती न बोलता करायची.

आता शाळेतलं फॅन्सी ड्रेस. बऱ्याच आया म्हणतात की आमची भाग घेते की, मागच्या वर्षी सावित्रीबाई झाली होती, यंदा टोमॅटो. ताई, तो भूमिकेचा खेळ नाही, त्यात ड्रेस भाड्यानं आणतात, चार ओळी आई पाठ करून घेते, पोरगी स्टेजवर रडते आणि व्हिडिओ निघतो. त्यापेक्षा दिवाळीत गल्लीतली पोरं किल्ला करतात त्यात तिला पाठवा, माती कालवायला. तिथं तासन्‌तास चाललेलं असतं, हा बुरूज कोणाचा, तोफ कुठं, मावळे रात्री झोपतात कुठं, पाणी कुठनं आणायचं. तसंच मण्णेत्तिन अमावास्येला मातीचे बैल करतात तेव्हा पूजा झाली की बैल तिला खेळायला द्या, देवापुढंच ठेवू नका सगळे. शिवजयंतीचा चित्ररथ बघून आल्यावर आठवडाभर आमच्याकडं पोरं पुतळ्यासारखी उभी असतात, एकजण ट्रॅक्टर होतो आणि ओढतो.

घरी करता येईल असं अजून एक. शिकागोला व्हिव्हियन पेली म्हणून बालवाडीच्या शिक्षिका होत्या, २०१९ ला गेल्या, त्यांची पद्धत अशी की मुलानं गोष्ट सांगायची, बाईंनी ती मूल म्हणेल तशीच लिहून घ्यायची, आणि मग सगळ्या वर्गानं ती करून दाखवायची. लिहिताना सुधारायचं नाही. आमच्याकडची एक पूर्ण गोष्ट अशी होती: “म्हस होती. म्हस पळाली. आज्जी पडली. डॉक्टर आला. म्हशीला सुई मारली.” आज्जी पडली आणि सुई म्हशीला का, असं मी विचारलं नाही. केली तशीच, तीनदा केली, कारण प्रत्येकाला म्हैस व्हायचं होतं. वहीत डाव्या पानावर गोष्ट लिहा, उजवं पान तिला चित्राला सोडा. झालं तुमचं चित्रांचं पुस्तक.

खेळात घाणेरडं, भीतीचं, रागाचं पण येणार. बाहुलीला बदडतील, कोणी मरेल, बाबा पिऊन आले करतील, टीचर होऊन छडी मारतील. लगेच “असं नाही करायचं” नको. कोणाला खरंच लागत नसेल तर चालू दे, तुम्ही एक माणूस होऊन शिरा, “टीचर, मला घरी जायचंय” म्हणा आणि टीचर काय करते बघा. तेच ते, त्याच क्रमानं, दिवसेंदिवस, आणि खेळताना चेहऱ्यावर मजा नाही, असं दिसलं तर मात्र कोणाकडनं तरी ती काय बघतेय किंवा सोसतेय याची चौकशी करा. आणि धाकटा मुलगा असेल, त्याला आई व्हायचं असेल, साडी नेसायची असेल, तर नेसवा, घरातल्या पुरुषांना जरा आत पाठवा.

अजून एक, हे घाबरवायला नाही. खोटंखोटं खेळणं साधारण दीड ते दोन वर्षांत सुरू होतं, रिकाम्या वाटीतनं भरवणं, फोन कानाला लावणं. तुमची मुलगी हे लहानपणी करत होती का आठवा. करत होती, बोलते, तुमच्याकडं बघून हसते, बोट दाखवून मागते, तर काळजीचं वट्ट काही नाही, तिला खेळायला माणूस मिळालेलं नाही एवढंच. वाचणाऱ्यांपैकी कोणाचं मूल दोन-अडीच वर्षांचं झालं तरी असं काहीच करत नाही, बोट दाखवत नाही, हाक मारली तर बघत नाही, बोलणं मागं आहे, तर पुस्तकं शोधत बसू नका, मुलांच्या डॉक्टरना दाखवा. ऑटिझमची प्राथमिक तपासणी सोळा ते तीस महिन्यांच्या वयात करायची जी प्रश्नावली आहे, एम-चॅट, त्यात खोटंखोटं खेळतो का हा प्रश्न असतो, आणि लवकर दाखवलं तर मदत लवकर सुरू होते.

पुस्तकाच्या मागं “मेंदूचा विकास, बुद्ध्यांक वाढतो” छापलेलं असतं त्याला भुलू नका. अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र तपासले आणि म्हटलं की अशा खेळामुळेच बुद्धी वाढते असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. मी काही बुद्धी वाढवायला हे करत नाही. पोरं खेळताना बोलतात, थांबतात, दुसऱ्याचं ऐकतात, हे समोर दिसतंय, मला तेवढं पुरतं.

राहिला सेटचा प्रश्न. डॉक्टर सेट घेऊ नका असं नाही, दीड-दोन वर्षांच्या मुलाला खऱ्यासारखी दिसणारी वस्तू लागते, साडेचारला लागत नाही. तो प्लास्टिकचा स्टेथोस्कोप फक्त स्टेथोस्कोपच होतो, आणि तुटला की डॉक्टर पण बंद. किचन सेटपेक्षा खानापूरकडची मातीची बोळकी आणा, फुटली तर दुसरी आणायची, त्यात खरं पाणी, खरे चार तांदूळ घालता येतात. बाकी एक मोठं खोकं, आज्जीचं जुनं लुगडं, बुट्टी, दोरी, रद्दी, खडू, बंद पडलेला मोबाईल. एवढ्यात दवाखाना, दुकान, बस, देऊळ सगळं होतंय. या महिन्यात तीनच पुस्तकं घ्या, एक बसचं नाहीतर बाजाराचं, एक घरातल्या माणसांचं, एक टोपीवाल्यासारखं सगळ्यांनी मिळून करायचं, आणि ती तेच तेच मागितली तर तेच वाचा, चौथं आणू नका. बसपासून सुरू करणार असाल तर तिकिटं रद्दीच्या कागदाची तिलाच कापू दे, पर्स मात्र तुमची जुनी द्या, चेन चालू असलेली, कारण सुट्टे पैसे आत-बाहेर करण्यातच निम्मा वेळ जातो त्यांचा.